ट्रायम्फ-नॉर्टनसाठी कॅम निवडताना

ट्रायम्फची जुनी बॉनव्हिल किंवा नॉर्टनची कमांडो मोटरसायकल उघडली की मालक हमखास म्हणतो, 'आता रेसचा कॅमच टाकू या.' कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे असलेला दांडा. मी आधी विचारतो, गाडी फिरणार कुठं? बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला जायचं तर वळणातून बाहेर पडताना ३००० आरपीएमच्या आसपास ओढ हवी. रेसचा कॅम इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेणारी झडप, फार उशिरा मिटवतो. इंजिन हळू फिरत असेल तर वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण परत कार्बोरेटरकडे ढकलतो. ताकद वाढते ती वरच्या आरपीएमला, आणि घाटात तिथवर कुणी पोचत नाही. १९७२ च्या कॉम्बॅट कमांडोला नॉर्टननं तिखट कॅम आणि १०:१ कॉम्प्रेशन दिलं, तेव्हा मेन बेअरिंगं टिकेनात.

म्हणून रस्त्यावरच्या गाडीला कंपनीचाच कॅम ठेवा. ६५० बॉनव्हिलचा ई३१३४ कॅम भरपूर चपळ आहे.

टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्हला ढकलणारे तुकडे) मात्र जुने लावू नका. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ग्राइंड करून घेणार असाल तर टॅपेटच्या तळाची गोलाई आधी लिहून द्या. ट्रायम्फमध्ये पाऊण इंच आणि सव्वा इंचाला थोडी कमी, म्हणजे १ १/८ इंच, अशा दोन गोलाया येतात. ती बदलली की तोच कॅम व्हॉल्व्ह वेगळ्या वेळी उघडतो. चांगला कारागीरही इथं चकतो, कारण डोळ्यांना फरक दिसत नाही.

टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडतो-मिटतो ते, गिअरवरच्या खुणांवर सोडू नका. क्रँकवर डिग्रीची चकती लावा, प्लगच्या भोकातून पिस्टन अडवणारा स्टॉप घालून दोन्ही बाजूंनी अडेपर्यंत फिरवा. दोन आकड्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टनची सर्वांत वरची जागा. मग डायल गेजनं कॅमच्या शिखराआधी आणि नंतर सारखीच लिफ्ट (व्हॉल्व्हची उचल) कुठं येते ते पाहा. त्यांचा मध्य म्हणजे शिखर. ट्रायम्फच्या कॅम गिअरला चावीचे (गिअर दांड्यावर अडकवणाऱ्या पट्टीचे) तीन खाचे असतात, त्यामुळं एका दातापेक्षाही बारीक फरक काढता येतो. कॅम बदललाच असेल तर पिस्टनवर क्ले (मऊ माती) ठेवून इंजिन हातानं फिरवा: इनलेटला निदान दीड, एक्झॉस्टला दोन मिलिमीटर जागा व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये हवी.

पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलवर ठेवू नका. इंजिन असं हळू फिरताना कॅमवर स्प्रिंगचा दाब सर्वांत जास्त आणि उडणारं तेल सर्वांत कमी असतं. समोर पंखा लावून पंधरा-वीस मिनिटं २००० च्या वर धरा. गार झाल्यावर टॅपेटची फट पुन्हा मोजा: ई३१३४ ला इनलेट २ थाउ (इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट ४, साध्या कमांडोला ६ आणि ८.