जळण नसलेल्या शहरातली चूल: कडब्याची पेटी

सप्टेंबर 1944 मध्ये नेदरलँड्सच्या रेल्वे कामगारांनी संप केला आणि जर्मन फौजेने सूड म्हणून पश्चिमेकडच्या शहरांचं धान्य अडवलं. ऑक्टोबरात ॲम्स्टरडॅमचा गॅसही गेला. लोकांनी ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे उपसले. छळछावण्यांत नेलेल्या ज्यूंची रिकामी घरं तुळया-तक्तपोशीसाठी सोलून काढली गेली. माणसं ट्युलिपचे कंद खात होती. मधला पिवळा कोंब विषारी, तो आधी काढावा लागे. त्या हिवाळ्यात 20,000 च्या आसपास माणसं दगावली.

मूठभर लाकडावर अन्न शिजवायला तिथल्या घरांत गवताची पेटी असे: उकळतं पातेलं गवताने भरलेल्या खोक्यात झाकून ठेवलं की कोंडलेल्या उष्णतेवर अन्न आपोआप शिजत राहतं. सोलापुरात ती कडब्याची करता येते.

भांड्याच्या खाली, वर आणि चहूबाजूंनी 10 सेंटिमीटर भराव बसेल एवढं लाकडी खोकं घ्या. भराव कडब्याच्या कुट्टीचा. अख्खी धाटं घालू नका, त्यांच्या फटीतून वारा खेळतो आणि ऊब निघून जाते. कुट्टी खडखडीत वाळलेली हवी. कडबा नसेल तर जुन्या सोलापुरी चादरी घट्ट कोंबा, त्याही दमट नकोत. वरून झाकायला अभ्रा कुट्टीने भरून उशी शिवा.

पातेलं लांब दांड्याचं नको. झाकण घट्ट हवं आणि पातेलं तीन-चतुर्थांश तरी भरलेलं हवं. बहुतेकांचं इथेच फसतं: वाटीभर डाळ मोठ्या पातेल्यात ठेवली की तासाभरात कोमट होते आणि कच्ची राहते. दोन लिटरच्या आत ही पेटी वापरूच नये.

तूरडाळ 3 वाट्या, पाणी 9 वाट्या. डाळ दोन तास भिजवा, 15 मिनिटं खळखळ उकळा, पेटीत तीन तास. चिंच आधी घातली तर डाळ शिजत नाही, ती आमटीला फोडणी देतानाच घाला. बोअरच्या जड पाण्यातही डाळ टणक राहते; पिण्याचं पाणी जपून ठेवलं असेल तर त्यातलं घ्या. भात सोपा: 4 वाट्या तांदळाला 7 वाट्या पाणी, कारण इथे वाफ उडत नाही. पाच मिनिटं उकळी, तासभर पेटी. राजमा मात्र या पेटीत नको, अर्धवट शिजला तर तो बाधतो.

चुलीवरून उतरवल्यावर बूड नीट पुसा. चिकटलेला एक निखारा कुट्टी पेटवायला पुरतो. मग क्षणाचाही वेळ न घालवता पातेलं आत ठेवा आणि मध्ये उघडून बघू नका. एकदा झाकण काढलं की पुन्हा उकळी आणूनच आत ठेवावं लागतं.

वाढण्याआधी अन्न पुन्हा एकदा उकळा. 60 अंशांखाली गेलेलं अन्न तासन्‌तास तसंच राहिलं तर आंबतं, आणि दवाखाना बंद असलेल्या शहरात लेकराची हगवण जिवावर बेतते. म्हणून रात्रभर पेटीत काहीही ठेवू नका.

प्रत्येक वेळी कुट्टी उन्हात पसरा. कुबट वास आला तर बदला.