पायथनमध्ये पार्शल वापरताना: कोणतं आर्ग्युमेंट आधी?

५ टक्के जीएसटीसाठी एक फंक्शन आणि १८ टक्क्यांसाठी दुसरं लिहिलं, की राउंडिंग बदलताना दोन्हीकडे हात घालावा लागतो. मूळ फंक्शन एकच ठेवा आणि त्याचं एक आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायची किंमत) आधीच भरून टाका. हेच पार्शल ॲप्लिकेशन.

समजा करासह(दर, रक्कम) हे फंक्शन रक्कम + रक्कम * दर / १०० परत देतं. फंक्टूल्स मॉड्यूलमधून पार्शल इंपोर्ट करा आणि लिहा:

कर_पाच = पार्शल(करासह, ५)
कर_अठरा = पार्शल(करासह, १८)

कर_अठरा(५००) चं उत्तर ५९०.०, कर_पाच(५००) चं ५२५.०. रकमांची लिस्ट असेल तर मॅपला (लिस्टमधल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारं साधन) कर_अठरा तसंच द्या, लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) लागत नाही. (पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात, आकडे आणि पायथनचे स्वतःचे शब्द मात्र इंग्रजीतच टाइप करा.)

पार्शल डावीकडून भरत जातं. म्हणून क्वचित बदलणारं आर्ग्युमेंट आधी आणि दर वेळी नवं येणारं शेवटी ठेवा. निम्मं काम इथेच होतं. क्रम उलटा असेल, म्हणजे (रक्कम, दर), तर पार्शल(करासह, दर=१८) असं नावानिशी भरा. पण दर पहिला असताना असं केलंत आणि मग ५०० दिलेत, तर ५०० थेट दराच्या जागी जाऊन बसतात आणि 'दर'ला दोन किमती मिळाल्याचा टाइपएरर येतो. शिवाय नावानिशी भरलेली किंमत कुलूपबंद नसते: बोलावणारा दर=५ देऊन ती बदलू शकतो.

नवखे हमखास पार्शल(करासह(१८)) लिहितात. कंसामुळे फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि रक्कम नाही म्हणून अडतं. फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं.

लूपमध्ये तर पार्शलच बरं. [५, १८] वर लूप फिरवून लॅम्डा बनवले, की ते लॅम्डा दराची किंमत चालवतेवेळी बघतात, त्यामुळे लूप संपल्यावर सगळेच १८ लावतात. पार्शल किंमत बनतानाच धरून ठेवतं. मात्र भरलेली किंमत लिस्ट असेल तर तिची प्रत होत नाही. बाहेर कुणी तिच्यात भर घातली, तर तुमच्या फंक्शनलाही ती दिसते.