इंदूरात सेलिब्रिटीचे फोटो काढायचेत? आधी उभं राहायला शिका

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी पोरगा नवीन कॅमेरा गळ्यात घालून विचारतोच, दादा मला पॅप (पापाराझी, म्हणजे सेलिब्रिटींचे फोटो टिपणारा फोटोग्राफर) व्हायचंय, मुंबईला जाऊ का. मी म्हणतो जा ना, कोणी अडवलंय, पण जायच्या आधी आपल्याच गावात कोण येतं, कधी येतं आणि कुठून बाहेर पडतं एवढं तरी माहीत करून घे. माझं पोट लग्नांच्या फोटोंवर चालतं, हे काम मी सीझन नसतो तेव्हा करतो, त्यामुळे खाली लिहिलंय ते इंदूरच्या हिशोबानं आहे, बांद्र्याच्या नाही.

पहिला गैरसमज काढून टाका. आपल्याला वाटतं फोटोग्राफर झाडामागे लपतो आणि हिरोईन दचकते. मुंबईत बहुतेक वेळा असं काही नसतं. जिमबाहेर, सलूनबाहेर, एअरपोर्टवर जे 'स्पॉटेड' फोटो दिसतात त्यातले कित्येक पीआरवाल्यांच्या मेसेजवरून होतात, मॅडम इतक्या वाजता निघतायत, या. सिनेमा रिलीज व्हायच्या आधी हे मेसेज वाढतात आणि नंतर बंद होतात, तेव्हा कोण किती दिसतंय यावरून कोणाचा सिनेमा येतोय ते कळतं. विरल भयानी, मानव मंगलानी ही मुंबईच्या पॅप लोकांची नावं तुम्ही इन्स्टावर बघितली असतील, त्यांच्या टीमची पोरं ठरलेल्या जागी तासन्‌तास उभी असतात आणि स्टार लोक त्यांना ओळखतात, कधी गंमत करतात कधी झापतात. जया बच्चन झापतात त्याचेही व्हिडिओ चालतातच. म्हणजे दोघांनाही एकमेकांची गरज आहे आणि दोघांनाही एकमेकांचा वैताग आहे, हे नातं नीट समजलं की अर्धं काम समजलं.

आता इंदूर. इथे कोणी स्टार राहत नाही. सलमानचा जन्म इथला, राहुल द्रविडचा इथला, लतादीदींचाही इथलाच, पण जन्मदाखल्याचा फोटो काढून काय करणार. इथे लोक येतात आणि जातात, आणि येण्याची मोठी कारणं तीनच, उज्जैनचं महाकाल मंदिर, मॅच आणि कार्यक्रम किंवा शूटिंग. आलेला माणूस विमानानं आला तर देवी अहिल्याबाई होळकर एअरपोर्टवरूनच बाहेर पडणार. मुंबईसारखी दहा ठिकाणं सांभाळायची नाहीत, हा आपला फायदा.

महाकालचं गणित नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त लोक त्यासाठी येतात. भस्म आरती पहाटे चारच्या सुमारास असते, उज्जैन इथून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माणूस आदल्या संध्याकाळी किंवा रात्री इंदूरला उतरतो, दोन-चार तास हॉटेलात पडतो आणि रात्री दीड-दोनला निघतो. संध्याकाळी मुंबईहून येणाऱ्या फ्लाइटला आलेला माणूस साध्या कपड्यात, एक बॅग आणि सोबत एखादाच मॅनेजर असेल तर समजा दर्शनाला चाललाय. आत मोबाइल चालत नाही, कॅमेऱ्याचा तर विषयच सोडा, आतले फोटो आले तर मंदिराकडून येतात. तुमची जागा बाहेर, दर्शन करून निघतात तिथे. आणि खरं सांगतो, तो फोटो एअरपोर्टच्या फोटोपेक्षा दहापट बरा येतो, कपाळावर चंदन, डोळ्यात झोप, मेकअप नाही, चेहरा सैल झालेला असतो, आणि दर्शन झाल्यावर माणूस सहसा चिडत नाही.

डोकं कसं चालवायचं त्याचं उदाहरण. मार्च २०२३ मध्ये होळकर स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाची टेस्ट होती, १ तारखेला सुरू झाली आणि ३ तारखेला सकाळीच संपली, आपण नऊ विकेटनं हरलो. गावभर लोक पिचला शिव्या देत बसले. पण पाच दिवसांची मॅच तिसऱ्या दिवशी संपली म्हणजे प्लेअर मोकळे झाले ना भिया, आणि मोकळे झाले तर जाणार कुठे? ४ तारखेला पहाटे विराट आणि अनुष्का महाकालला. त्याच्या आधी जानेवारीत न्यूझीलंडची वनडे होती तेव्हा पण आदल्या दिवशी सकाळी सूर्यकुमार, कुलदीप, वॉशिंग्टन सुंदर तिथेच गेले होते, अपघातात जखमी झालेल्या ऋषभ पंतसाठी प्रार्थना करायला. ज्याच्या डोक्यात हा पॅटर्न होता त्याला टिप, म्हणजे आतली खबर, लागली नाही. स्टेडियमच्या आतलं विसरा, तिथे बीसीसीआयचं ॲक्रेडिटेशन लागतं, गेटवर ओळख काढून काही होत नाही.

टिप देणारे कोण? हॉटेलच्या दारावरचा माणूस, टॅक्सीवाला, इव्हेंटचा साउंडवाला, हार-फुलं पोचवणारा. यांना पैसे दाखवू नका, पैसे दाखवले की तोच माणूस उद्या दुसऱ्यालाही विकेल आणि चुकून त्याची नोकरी गेली तर तुमच्यामुळे गेली. सकाळी पोहे-जलेबी खाताना दोन गोष्टी बोला, त्याच्या पोराच्या मुंजीचे, वाढदिवसाचे चार फोटो काढून द्या. मी रूम नंबर कधीच विचारत नाही. कोणी स्वतःहून सांगायला लागला तरी थांबवतो, तो नंबर माझ्याकडे असणंच चुकीचं आहे.

आता एअरपोर्टबाहेर उभं कसं राहायचं. दाराच्या अगदी समोर सगळे उभे राहतात, तिथे धक्काबुक्की, आणि बाउन्सरचा पंजा पहिल्या रांगेवरच येतो. दारापासून गाडीपर्यंत माणूस ज्या रेषेत चालणार ती रेषा आधी डोळ्यानं आखा, गाडी कुठे लावलीय, मागचं दार कोणत्या बाजूला उघडणार, आणि त्या रेषेच्या शेवटाकडे थोडं तिरकं उभं राहा. गाडीत बसायच्या आधी माणूस एक सेकंद थांबतो, दार धरतो आणि वर बघतो, तो फोटो. लेन्स २४-७० एमएम, सत्तर-दोनशे तिथे उगीच, माणूस तीन-चार पावलांवर येतो आणि फ्रेममध्ये फक्त नाक राहतं. रात्री शटर २५० च्या (म्हणजे सेकंदाच्या २५० व्या भागाच्या) वर नेऊ नका नाहीतर साध्या मोडमध्ये फ्लॅशचा काळा पट्टा येईल, २०० च्या खाली पण नको कारण माणूस चालतोय, आयएसओ १६०० ते ३२००, ॲपर्चर चारच्या आसपास म्हणजे थोडं इकडेतिकडे झालं तरी डोळे शार्प राहतात. फ्लॅश फुल पॉवरवर ठेवला तर पहिला फोटो मिळेल आणि दुसऱ्याला तो चार्ज होत बसेल, म्हणून आठव्या भागावर ठेवा आणि आयएसओनं भरून काढा. सीआयएसएफचे जवान, चेकिंगची जागा, एक्सरे मशीन हे फ्रेममध्ये घ्यायचं नाही, जवानानं सांगितलं मागे व्हा की मागे, वाद नाही.

आवाज कसा द्यायचा हे कोणी शिकवत नाही. दहा जण एकदम 'सर सर सर' ओरडले की माणूस मान खाली घालून निघून जातो. सगळे ओरडून दमतात त्या फटीत एकदाच, शांत आवाजात, नावानं, "सर, इंदूर में स्वागत है, एक फोटो". बघतो माणूस. मराठी कलाकार असेल तर मराठीत हाक मारा, इंदूरच्या एअरपोर्टवर मराठी ऐकून ते हमखास वळतात. चिडवून रिॲक्शन काढायची, घटस्फोटाबद्दल काहीतरी फेकायचं म्हणजे व्हिडिओ पळेल, असलं करणारे आहेत, मी त्यांच्या शेजारी पण उभा राहत नाही.

हा धंदा चालतो तो 'नाही' कसं ऐकता त्यावर. समजा मॅनेजरनं हात वर केला, तब्येत बरी नाही, आज नको. तुम्ही कॅमेरा खाली घेतला, नुसता खाली नाही तर लेन्स जमिनीकडे, त्याला दिसेल असा. बाकीचे काढतच राहिले. आज त्यांना फोटो मिळाला आणि तुम्हाला नाही, घरी येताना जीव जळेल. पण मॅनेजर लोकांची चेहऱ्यांची आठवण भयंकर असते, पुढच्या वेळी तोच माणूस येतो आणि म्हणतो तुम्ही इकडे या, मॅडम दोन मिनिटं थांबतील. मुंबईत पण हेच आहे. विराट-अनुष्काची मुलगी २०२१ मध्ये झाली तेव्हा त्यांनी फोटोग्राफर लोकांना गिफ्ट आणि चिठ्ठी पाठवली की बाळाचे फोटो नका काढू, आणि बहुतेकांनी ऐकलं. रणबीर-आलियानं २०२३ च्या ख्रिसमसला त्यांच्या मुलीला, राहाला, स्वतः कॅमेऱ्यासमोर आणलं, आणि सैफवर घरात हल्ला झाला त्यानंतर २०२५ मध्ये फोटोग्राफर लोकांना बोलावून समोरासमोर सांगितलं की आता पोरीचे नको. लहान पोर फ्रेममध्ये आलं तर माझ्याकडून तो फोटो बाहेर जात नाही, आईबापानं स्वतः पुढे केलं असेल तरच.

उलटी उदाहरणं पण बघा. अमेरिकेत रॉन गॅलेला म्हणून फोटोग्राफर होता, जॅकी केनेडी ओनासिसच्या इतका मागे लागला की कोर्टानं त्याला पंचवीस फूट लांब राहायला सांगितलं, आणि १९७३ मध्ये हॉलिवूडचा नट मार्लन ब्रँडोनं त्याचा जबडा तोडला. नंतर हा बाबा ब्रँडोचे फोटो काढायला फुटबॉलचं हेल्मेट घालून गेला. फोटो त्याचे आज म्युझियममध्ये आहेत, मान्य, पण ते आयुष्य मला नको. आणि ब्रिटनची राजकुमारी डायना, ३१ ऑगस्ट १९९७, पॅरिस, मागे फोटोग्राफर लागलेले असताना गाडीच्या अपघातात गेली. २००८ मध्ये लंडनच्या ज्यूरीनं तिच्या ड्रायव्हरचा आणि मागे लागलेल्या गाड्यांचा, दोघांचा बेफिकीरपणा धरला. म्हणून उज्जैन रोडवर रात्री दोन वाजता कोणाच्याही गाडीमागे बाइक घालायची नाही. ट्रक असतात, गाई बसलेल्या असतात, आणि माणूस कुठे चाललाय ते तुम्हाला माहीतच आहे, आधी जाऊन उभे राहा ना.

घराच्या आत कॅमेरा नेणं वेगळं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया तिच्या दिवाणखान्यात बसलेली असताना शेजारच्या गच्चीवरून दोघांनी फोटो काढले, तिनं मुंबई पोलिसांना टॅग करून जाहीर विचारलं, सगळी इंडस्ट्री चिडली. प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलंय. हॉटेलचा पूल, खोलीची खिडकी, हॉस्पिटल, तिथे कॅमेरा बॅगेत. बाईचा खाजगी क्षण चोरून टिपला तर न्याय संहितेचं ७७ वं कलम आहे आणि त्यात जेल आहे.

कॉपीराइटचं थोडक्यात पण नीट वाचा. रस्त्यावर तुम्ही स्वतःहून काढलेला फोटो तुमचा, चेहरा कितीही मोठ्या माणसाचा असो. अमेरिकेत तर स्टारनं स्वतःचाच पॅप फोटो इन्स्टावर टाकला म्हणून केस झाल्यात, जेनिफर लोपेझवर झाली, दुआ लिपावर झाली. पण आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात एक मेख आहे, कोणी पैसे देऊन सांगितलं म्हणून फोटो काढला तर वेगळं काही लिहून घेतलेलं नसेल तर मालक तो पैसे देणारा. म्हणजे इव्हेंटवाल्यानं पाच हजार देऊन बोलावलं आणि तुम्ही तेच फोटो रात्री दुसरीकडे विकले तर तुम्ही अडकलात. व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहून घ्या, हक्क कोणाचे. आणि फोटो तुमचा असला तरी तो चेहरा वापरून दुकानाची जाहिरात करता येत नाही, तिथे स्टारचा हक्क येतो, आपल्याकडचे साडीवाले हे ऐकतच नाहीत.

पैसा? एका फोटोत फारसा नाही, सरळ सांगतो. उभ्या व्हिडिओला मागणी आहे, वीस सेकंद, चालत येणं, हसणं, गाडीत बसणं. खरा फायदा ओळखीचा, जो मॅनेजर तुम्हाला ओळखतो तो इंदूरच्या ज्वेलरच्या उद्घाटनाला तुम्हालाच बोलवा म्हणून सांगतो.

सुरुवात कुठून करायची तर माझ्या मते सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकांपासून. मुंबईची नाटकं येतात, शनिवार-रविवार लागोपाठ प्रयोग असतात, टीव्हीवर रोज दिसणारे कलाकार अगदी हाताच्या अंतरावर. आयोजकांना आधी विचारा, प्रयोगात फ्लॅश नाही, शटरचा आवाज पण बंद. प्रयोगानंतर कलाकार सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जातातच, आणि खरी शाळा तिथे आहे, वर पिवळे बल्ब, बाजूला पांढरी ट्यूब, कढईचा धूर, मागे शंभर मोबाइल. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर चेहरा अर्धा हळदीचा अर्धा निळा, केल्विन (उजेडाच्या रंगाचा आकडा) हातानं लावा, बत्तीसशेपासून सुरू करा. घास तोंडात असताना क्लिक नाही, तो फोटो कोणाचाच चांगला येत नाही आणि गरम गराडू (तळलेला कंद) खाताना तर माणूस तोंड उघडून हवा घेत असतो. चावून होऊ द्या, द्रोणातलं जिरावण (वरून भुरभुरलेला मसाला) बोटाला लागतं आणि तो स्वतःशीच हसतो, तेव्हा घ्या. मग तिथेच तीन फोटो निवडून मॅनेजरला पाठवा, साधे नाही तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट करून म्हणजे क्वालिटी उतरत नाही, खाली कोण, कुठे, तारीख आणि तुमचं नाव. पोस्ट कुठलाही करण्याआधी त्यांना विचारा यातला कोणता चालेल.