फिक्स येऊनही पॉइंट सरकत होता, असं सुटलं

मुलुंडला प्लॉटची हद्द आरटीकेने (सेंटीमीटरपर्यंत जागा सांगणारं सॅटेलाइट जीपीएस) मोजत होतो, स्क्रीनवर फिक्स आहे, म्हणजे जागा पक्की मिळाल्याची खूण, पण तोच खुंटा सकाळी एक सांगतोय, दुपारी दुसरं, ६-७ सेंटीमीटरचा फरक! दोन दिवस गेले, बेस (एका जागी ठेवलेला दुसरा रिसीव्हर) हलवला, सिम बदललं, काही नाही. शेवटी रिसीव्हरचा पोल बायपॉडवर (दोन पायांच्या स्टँडवर) लावून लेव्हल केला नि १८० अंश फिरवला, तर पोलवरच्या लेव्हलचा बुडबुडा सरळ रिंगच्या बाहेर, म्हणजे लेव्हलच चुकीची, पोल तिरका उभा राहत होता. २ मीटरच्या पोलला १ अंशाचा कल म्हणजे साडेतीन सेंटीमीटर, आणि उलट्या बाजूने उभं राहिलं की डबल. निम्मा फरक बुडबुड्याच्या स्क्रूने काढला, निम्मा बायपॉडच्या पायांनी. आता १-२ सेंटीमीटरमध्ये बसतंय, फक्त पत्र्याच्या कंपाउंडजवळ सिग्नल आपटून येतो म्हणून तिथे तासाभराने परत रीडिंग घेतोच.