छाटणीआधी बोदात एक खड्डा घ्या: मोरचूद, गांडुळे आणि पांढरी मुळी

द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आली आहे. नाशिक, निफाड, दिंडोरीकडे आता बोर्डो फवाऱ्यासाठी मोरचूद (तांब्याचे सल्फेट) आणि चुन्याची खरेदी सुरू होईल. त्याआधी बागेसाठी अर्धा तास काढा. बांधावर अजून पावसाची ओल आहे. ती उडाली की गांडुळे खोल जातात आणि मग तुलना करता येत नाही.

बोदात, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्यात, ड्रिपरजवळ एक फूट लांब, रुंद आणि खोल माती काढा, गोणपाटावर पसरा आणि हाताने फोडा. दुसरा तेवढाच खड्डा बांधावर, फवारा पोचत नाही अशा जागी घ्या. गांडुळे मोजताना नुसती मोठी मोजू नका. दोऱ्याएवढी पिल्ले आणि लिंबाच्या आकाराचे, मोहरीपेक्षा थोडे मोठे पिवळसर कोष शोधा. फवाऱ्यातून मातीत तांबे वाढले की मोठी गांडुळे लगेच मरत नाहीत. आधी कोष कमी होतात, मग पिल्ले दिसेनाशी होतात. गांडूळ ओल्या कातडीने श्वास घेते आणि मातीच खाते, त्यामुळे तांबे त्याच्या अंगात दोन्ही वाटांनी शिरते. शक्य झाले तर ते ती जागा सोडूनच जाते.

बांधावर पिल्ले आहेत आणि बोदात नाहीत, तर तांब्याचा संशय घ्या. मात्र क्षार, कीटकनाशकाची आळवणी आणि रोटाव्हेटर यांनीही गांडुळे जातात. म्हणून वरच्या अर्ध्या फुटातली माती तपासायला द्या. मृदा आरोग्य पत्रिकेत तांब्याचा आकडा असतो, पण आपण तो फक्त ‘कमी आहे का’ एवढ्यापुरता वाचतो. ०.२ पीपीएमच्या खाली कमतरता धरतात. तुमचा आकडा त्याच्या कितीतरी पट असेल, तर मोरचूद जमिनीतून किंवा ड्रिपमधून देण्याचे काहीच कारण नाही. मला तर ही सवय सगळ्यात घातक वाटते.

आता हिशेब बघा. मोरचुदात साधारण पाव हिस्सा तांबे असते. एक टक्का बोर्डोचे ४०० लिटर द्रावण एकरभर मारले की ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलो तांबे गेले. युरोपीय संघाने तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. ती वर्षाला एकरी १.६ किलोच्या आसपास पडते. डाऊनी (केवडा) रोगाच्या वर्षी आपण ती दोन फवारण्यांतच ओलांडतो. धातू कुजत नाही, पावसाने फारसा खालीही जात नाही. तो वरच्या थरातच साठतो, आणि अन्न-पाणी शोषणारी पांढरी मुळी, गांडुळे, जिवाणू तिथेच असतात.

जिवाणूंचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. इंग्लंडमध्ये वोबर्न इथल्या प्रयोगशेतात १९४२ ते १९६१ या काळात सांडपाण्याचा गाळ टाकला होता. तो बंद होऊन वीसहून अधिक वर्षे उलटली, तरी तिथल्या क्लोव्हर या द्विदल चारापिकाच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी नीट काम करत नव्हत्या. जमिनीत जस्त, कॅडमियम आणि तांबे तसेच राहिले होते. म्हणून शहरी कंपोस्ट घेताना धातूंचा अहवाल मागाच. खत नियंत्रण आदेशात त्यासाठी कॅडमियम किलोला ५ मिलिग्रॅम, शिसे १०० आणि तांबे ३०० अशी कमाल मर्यादा आहे. कोंबडीखतातही खाद्यातून आलेले तांबे-जस्त असते, दरवर्षी ढीग टाकू नका.

छाटणीनंतर उघड्या काड्यांवर ब्लोअर (पंख्याचे फवारणी यंत्र) चालवला की बरेचसे बोर्डो मातीत पडते. ओलांडे (वेलीचे आडवे हात) आणि खोड ब्रशने किंवा हातगनने भिजवा. पुढे पाने आल्यावर डाऊनीचे हवामान बघूनच तांबे वापरा. कॉपर ऑक्सिक्लोराईड आणि कॉपर हायड्रॉक्साईड ही औषधेही तांबेच, ते हिशेबात धरा. द्रावणात चकचकीत खिळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. उरलेले द्रावण आणि टाकी धुतलेले पाणी एकाच वेलीखाली ओतू नका.

आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तांबे बरेचसे बांधलेले असते. ड्रिपमधून वारंवार आम्ल सोडले की बोदाचा सामू (pH) उतरतो आणि तेच तांबे मोकळे होते, तेव्हा आम्ल लॅटरल (ड्रिपच्या नळ्या) साफ करण्यापुरतेच वापरा. चांगले कुजलेले शेणखत बोदात भरा, ओळींमध्ये ताग घेऊन त्याचे आच्छादन करा. सेंद्रिय पदार्थ तांबे धरून ठेवतात. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी तांब्याच्या फवाऱ्यात मिसळू नका, वेगळ्या दिवशी ड्रिपने द्या.

खड्ड्यातला आकडा आणि तारीख छाटणीच्या वहीत लिहा, आणि पुढच्या भाद्रपदात त्याच ओळीत पुन्हा मोजा.