तिसरीतल्या मुलाचं पहिलं कम्युनियन: जूनपासून काय काय करायचं

आमचा मुलगा ठाण्यात कॅथलिक शाळेत आहे आणि मागच्या वर्षी तिसरीत असताना त्याचं फर्स्ट होली कम्युनियन झालं, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानतात ती पवित्र भाकर त्याने चर्चमध्ये पहिल्यांदा घेतली. आता शाळा सुटताना गेटवर नवीन तिसरीचे आईबाबा तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकते.

आधी बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेट शोधा, आज रात्रीच कपाट उघडा. ते जिथे बाप्तिस्मा झाला त्याच पॅरिशमधून, म्हणजे त्या भागाच्या चर्चमधून मिळतं, दुसरीकडून नाही. ठाण्यात आपण सगळे कुठून कुठून आलेलो, कुणी वसईचं, कुणी मंगलोरचं, कुणी केरळचं, आणि आमच्या मुलाचा बाप्तिस्मा श्रीरामपूरकडे सासरच्या गावाला. मी डिसेंबरपर्यंत थांबले आणि मग दिराला दोनदा पॅरिश ऑफिसला चकरा मारायला लावल्या, त्यामुळे तुम्ही जूनमध्येच फोन करा, मुलाची जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याचं साल जवळ ठेवा, रजिस्टरमध्ये नाव शोधायला सोपं जातं.

मग कॅटेकिझम, म्हणजे मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग. काही ठिकाणी तो शाळेतच होतो, बाकीची मुलं व्हॅल्यू एज्युकेशनला बसतात आणि आपली दुसऱ्या वर्गात जातात, काही ठिकाणी रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर असतो. शाळेतला असला की मुलं घरी येऊन विचारतातच, मम्मी माझा बेस्ट फ्रेंड का नाही येत माझ्यासोबत. सरळ सांगा, त्याचं घर वेगळ्या पद्धतीने प्रार्थना करतं, आणि आईवडिलांना विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या मुलाला धर्माचं शिक्षण द्यायचं नसतं. अनुदान घेणाऱ्या शाळांसाठी तर घटनेच्या कलम 28 मध्येच तसं लिहिलंय. मुलाला कलम सांगायची गरज नाही, पण पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय निघाला तर तुम्हाला माहीत असू दे.

प्रार्थना पाठ करून घेण्याचं टेन्शन सगळ्यांनाच येतं. आमच्याकडे अजून एक गोष्ट होती, मुलगा शाळेत सगळं इंग्रजीत शिकायचा आणि आजी मराठीत प्रार्थना करते, ती दरवर्षी सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला जाणारी बाई. मी आधी म्हणायचे एकाच भाषेत करू या, गोंधळ होईल त्याचा. नंतर रोज रात्री जेवणानंतर दोघं जपमाळ घेऊन बसायला लागले, अर्धी ती मराठीत म्हणायची, अर्धी तो इंग्रजीत, आणि दोन महिन्यांत तो स्वतःहून नमो मरिये, म्हणजे मराठीतलं हेल मेरी म्हणायला लागला. कॅटेकिझमच्या टीचर कितीही चांगल्या असल्या तरी त्यांच्याकडे आठवड्यात एकच तास असतो हो. घरातली पाच मिनिटं रोज द्या, टीव्ही बंद करून, बाबांसकट.

आणि मूल अडखळलं म्हणून ओरडू नका. पूर्वी मुलांना बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत थांबवायचे, 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी सांगितलं की साधारण सात वर्षांचं मूल, ज्याला साधी भाकर आणि कम्युनियनची भाकर यातला फरक कळतो, ते तयार आहे. फरक कळणं महत्त्वाचं, घडाघडा म्हणणं नंतर येतं.

कम्युनियनच्या आधी पहिलं कन्फेशन असतं, म्हणजे फादरांजवळ आपल्या चुका कबूल करायच्या, आणि मला विचाराल तर खरी तयारी याचीच लागते. माझा मुलगा आदल्या रात्री झोपेना. दहा वाजता अंधारात हळूच विचारतो, फादर तुला सांगतील का? तेव्हा कळलं की आठवडाभर तो कशाला घाबरत होता. त्याला सांगितलं की कन्फेशनमधलं फादर कुणालाच सांगू शकत नाहीत, मम्मीला नाही, प्रिन्सिपलला नाही, बिशपला पण नाही, तो चर्चचा कडक नियम आहे. मग झोपला. पण दुसऱ्या दिवशी बाहेर आल्यावर मीच पटकन विचारून गेले, काय सांगितलंस रे? त्याचा चेहरा एकदम उतरला. मला अजून वाईट वाटतं त्याचं. तुम्ही विचारू नका, फक्त जवळ घ्या आणि घरी या.

कम्युनियन घ्यायची सवय घरी करून घ्या. डावा हात वर, उजवा खाली, फादर ख्रिस्ताचं शरीर म्हणाले की स्पष्ट आमेन, मग उजव्या हाताने उचलून तिथेच तोंडात, हातात धरून जागेवर यायचं नाही. भाकर चावली तरी चालते, मुलं हे नक्की विचारतात. आधी एक तास पाणी आणि औषध सोडून काही खायचं नाही, म्हणजे सकाळची मिस्सा असेल तर लवकर उठवून काहीतरी खायला द्या, उपाशीपोटी उन्हात रांगेत उभं राहून चक्कर येते.

वर्गातल्या मित्रांना बोलवाच. आमच्या शेजारच्या काकू नातवाला घेऊन आल्या होत्या, रांग लागल्यावर त्यांनी विचारलं, आम्ही पण प्रसाद घ्यायला येऊ का? अशा वेळी कुणाचा मान जाऊ देऊ नका, आधीच सांगून ठेवा की हा सगळ्यांना वाटायचा प्रसाद नाही, ज्यांचा कॅथलिक बाप्तिस्मा आणि तयारी झालीय त्यांनीच घ्यायचा असतो, तुम्ही बसून प्रार्थना करा आणि मिस्सानंतर फादरांचा आशीर्वाद घ्या. काकूंनी घेतला, नातवालाही डोक्यावर हात ठेवून दिला. त्यांच्या गणपतीला आम्ही जातो तसेच त्या आमच्याकडे आल्या.

कपडे पांढरे, साधे. हॉल, डीजे, पन्नास हजारांचा गाऊन यात पडू नका, त्याच वर्गात रिक्षा चालवणाऱ्याचं पण मूल असतं आणि सगळी पोरं एकमेकांचं बघत असतात. तुमच्या पॅरिशमध्ये सगळ्यांना एकसारखे झगे द्यायची पद्धत नसेल तर पालकांच्या मीटिंगमध्ये तुम्हीच विषय काढा.

गोष्टी सांगायच्या असतील तर लांब जायला नको. 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघाचे धर्मबंधू, चीनला निघाले होते, जहाज ठाण्याला लागलं आणि ते इथेच मारले गेले, पुढे ओडोरिक नावाच्या फ्रान्सिस्कनने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. मी हे ट्रेनमध्ये खाडीच्या पुलावर सांगितलं तर पोरगा खिडकीला चिकटून म्हणाला, आपल्या ठाण्यात? त्या दिवसापासून खाडी आली की तो क्रूसाची खूण करतो.

कम्युनियन झालं की पुढच्या रविवारी चर्चमधून अर्धी मुलं गायब होतात. तुम्ही जा, त्याच वेळेला, रोजच्या शर्टात, फोटोग्राफर नसताना. दुसऱ्यांदा रांगेत उभा राहिला तेव्हा माझ्या मुलाने माझा हात धरला नव्हता.