नो-कोड साधनांनी मार्केटिंगची घडी कशी बसवावी: कोल्हापूरच्या एका चप्पल दुकानाचे उदाहरण

कोल्हापुरात चप्पल, गूळ किंवा हुपरीची चांदी विकणाऱ्या व्यावसायिकाकडे आज चौकशी व्हॉट्सॲपवर येते, इन्स्टाग्रामच्या संदेशात येते, फोनवर येते आणि काउंटरवरही येते. तिची नोंद मात्र एका जागी होत नाही, आणि त्यामुळे विचारणा करून गेलेल्या ग्राहकाला पुन्हा फोन करायचा राहून जातो. ही घडी एक ओळही कोड न लिहिता कशी बसवता येते, ते येथे चप्पल दुकानाच्या उदाहरणाने सांगितले आहे.

मार्केटिंग तंत्रज्ञानाचे अभ्यासक स्कॉट ब्रिंकर यांनी या क्षेत्रातील उत्पादनांचा जो आढावा सुरू केला, त्यात २०११ साली सुमारे १५० उत्पादने होती. २०२४ साली ती १४,१०६ झाली. एवढी साधने झाल्यावर एकातली माहिती दुसऱ्यात नेणे हेच मोठे काम होऊन बसले आणि ते प्रोग्रामरवाचून करून देणारी झॅपियर, मेक, एन-एट-एन ही साधने त्या गरजेतूनच रुजली. ॲप तयार करून देणारे ॲपशीट २०२० साली गुगलने विकत घेतले. भारतीय कंपनी झोहोचे क्रिएटरही याच जातीचे आहे. सुरुवातीला मात्र यांतील बहुतेकांची गरज पडत नाही. एक फॉर्म, एक शीट (गुगल शीटसारखा ऑनलाइन तक्ता) आणि जोडणी करणारे एक साधन एवढ्यावर काम सुरू होते.

संगणक उघडण्यापूर्वी कागद घ्यावा. ग्राहकाने इन्स्टाग्रामवर जोड पाहिला, माप विचारले, दर विचारला आणि ऑर्डर दिली किंवा दिली नाही, एवढा एकच प्रवास त्यावर मांडावा आणि प्रत्येक टप्प्यासमोर तो कोण हाताळतो व किती वेळात, हे लिहावे. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या दुकानात या प्रश्नांची उत्तरे ठरलेली नाहीत, तेथे कोणतेही साधन गोंधळ कमी करीत नाही, उलट तो अधिक वेगाने पसरवते.

त्यानंतर शीट तयार करावी आणि एका ओळीत एकच चौकशी, हा नियम पाळावा. तारीख, नाव, मोबाइल, गाव, चप्पलचा प्रकार, माप, स्रोत, जबाबदार व्यक्ती आणि सद्यःस्थिती एवढे रकाने पुरतात. गुगल फॉर्म या शीटला जोडला की उत्तरे आपोआप ओळीत येऊन बसतात. खरी काळजी घ्यावी लागते ती फॉर्मच्या रचनेत. गावाचे नाव मोकळे लिहू दिले, तर ‘इचलकरंजी’ पाच प्रकारे लिहिले जाते आणि पुढे गावानुसार मोजणी करता येत नाही. म्हणून नेहमीच्या गावांची यादी देऊन शेवटी ‘इतर’ हा पर्याय ठेवावा. कापशी, कचकडी असे प्रकारही यादीतूनच निवडू द्यावेत. मोबाइल क्रमांकासाठी उत्तर-तपासणीची सोय वापरून ६००००००००० ते ९९९९९९९९९९ यांमधील संख्याच स्वीकारावी, म्हणजे अपुरे किंवा चुकून जास्त अंक पडलेले क्रमांक फॉर्मच परत पाठवतो. ही मर्यादा भरताना अंक इंग्रजी टाइप करावेत आणि ग्राहकांनाही तशी सूचना प्रश्नाखाली द्यावी. पायाच्या मापाचा फोटो फॉर्ममधून मागवू नये, कारण फाइल जोडण्यासाठी ग्राहकाला गुगल खात्यात प्रवेश करावा लागतो आणि तेथे पुष्कळजण फॉर्म सोडून देतात. तो फोटो व्हॉट्सॲपवर घ्यावा.

चौकशी कुठून आली, हे ग्राहकाला विचारत बसण्याची गरज नाही. गुगल फॉर्मच्या मेन्यूत आधीच भरलेली लिंक तयार करण्याचा पर्याय असतो. ‘स्रोत’ या प्रश्नाचे उत्तर आधी भरून दुकानासाठी एक, पार्सलमधील चिठ्ठीसाठी एक आणि प्रदर्शनातील स्टॉलसाठी एक अशा वेगवेगळ्या लिंक काढाव्यात आणि प्रत्येकीचा स्वतंत्र क्यूआर कोड छापावा. दोन महिन्यांनी स्टॉलचे भाडे वसूल झाले की नाही, हे अंदाजावर न सोडता शीट पाहून ठरवता येते. छोट्या दुकानाला या साधनांचा सर्वांत मोठा लाभ मला येथेच दिसतो.

जोडणीचे साधन ‘ट्रिगर’ आणि ‘ॲक्शन’ या दोन गोष्टींवर चालते: शीटमध्ये नवी ओळ आली (ट्रिगर) की अमुक काम करावे (ॲक्शन). पहिली जोडणी ग्राहकाला संदेश पाठवणारी नसावी. ती दुकानातील जबाबदार व्यक्तीला ई-मेलने सूचना देणारी असावी, म्हणजे चूक झाली तरी ती घरातच राहते. खर्चाचा हिशेबही आधी करावा. झॅपियरमध्ये प्रत्येक ॲक्शन हे एक काम म्हणून मोजले जाते. त्यामुळे एका चौकशीमागे तीन ॲक्शन असतील, तर महिन्याला २०० चौकश्यांची ६०० कामे होतात आणि मोफत योजना त्याला पुरत नाही.

व्हॉट्सॲपबाबत विशेष सावध राहावे. मोफत बिझनेस ॲपमध्ये कॅटलॉग, लेबल आणि ठरावीक उत्तरे मिळतात; मात्र एकच संदेश अनेकांना एकाच वेळी पाठवण्याच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी दुकानाचा क्रमांक जतन केला आहे, त्यांनाच तो संदेश पोहोचतो. आपोआप संदेश पाठवायचे असतील, तर अधिकृत बिझनेस प्लॅटफॉर्म घ्यावा लागतो. तेथे जाहिरातीचे संदेश आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातूनच जातात आणि त्यांना शुल्क पडते. अनधिकृत साधनाने घाऊक संदेश पाठवल्यास क्रमांक बंद होऊ शकतो. वर्षानुवर्षे ग्राहकांच्या फोनमध्ये असलेला क्रमांक असा गमावणे कोणत्याही दुकानाला परवडणारे नाही. एसएमएस पाठवायचे असतील, तर ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराची डीएलटी नोंदणी, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद, लागते.

संमतीचा रकाना फॉर्ममध्ये असायलाच हवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला असून, माहिती कोणत्या कारणासाठी घेतली जाते, हे व्यक्तीला स्पष्ट सांगणे हा त्याचा गाभा आहे. त्यामुळे ‘नवीन मालाची माहिती व्हॉट्सॲपवर पाठवावी’ हा चौकोन रिकामा ठेवावा आणि ग्राहकाने स्वतः खूण केली तरच त्याला जाहिरात पाठवावी. मजकुरात भौगोलिक मानांकनाचा (ठरावीक प्रदेशातील खास उत्पादनाला मिळणाऱ्या कायदेशीर ओळखीचा) उल्लेख करतानाही हीच दक्षता हवी: कोल्हापुरी चप्पलला ते २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी मिळाले आहे, आणि बाहेरून आणलेल्या किंवा रेक्झिनच्या मालाला ते लावणे ही ग्राहकाची आणि कारागिराची, दोघांची फसवणूक ठरते.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी लोटते, तेव्हा ही यंत्रणा पहिल्यांदा सुरू करू नये. महिनाभर आधी घरच्यांच्या क्रमांकांवर चाचणी घ्यावी. सर्व खाती दुकानाच्या ई-मेलवर उघडावीत, यंत्रणा बसवून देणाऱ्या भाच्याच्या किंवा एजन्सीच्या ई-मेलवर नव्हे, आणि त्यांना दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज फोनवर येणारा कोड) लावावी. शीटची सीएसव्ही प्रत (कोणत्याही साधनात उघडणारी साध्या मजकुराची फाइल) दर महिन्याला उतरवून ठेवावी. जोडणी तुटली की तिची सूचना ई-मेलनेच येते, त्यामुळे तो ई-मेल रोज सकाळी दुकान उघडणाऱ्याच्या फोनवर चालू असावा.